गाणं वाजतं, गायिका गायब: मिक्सर बदलायच्या आधी केबलची पिन उघडा

तुम्ही लिहिलंय की संमेलनाच्या तालमीत लॅपटॉपवरून गाणं लावलं की बाजूची वाद्यं आणि कोरस ऐकू येतो, पण मुख्य गायिकेचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. माईक मात्र व्यवस्थित चालतात, आणि नवा मिक्सर घ्यायला सांगितलं जातंय. कृपया थांबा. हेच दुखणं मी दोन हंगाम सोसलंय.

माझी चूक आधी सांगतो. मी शाळांची स्नेहसंमेलनं करतो. डिसेंबरच्या घाईत लॅपटॉपसाठी केबल स्वतः बनवली. एका टोकाला ईपी स्टिरिओ पिन (इअरफोनची 3.5 मिमीची), दुसऱ्या टोकाला कॅनन (माईकचा तीन पिनांचा गोल कनेक्टर, म्हणजे एक्सएलआर). माईक केबलचा तक्ता हाताशी होता: टिप (पिनेचं टोक) कॅननच्या 2 नंबरला, रिंग (मधली कडी) 3 नंबरला, शिल्ड (तारांभोवतीची जाळी, म्हणजे अर्थ) 1 नंबरला. तसंच सोल्डर केलं. मीटरवर तिन्ही तारा बरोबर दाखवल्या. वाद्यसंगीत लावून पाहिलं तर आवाज आला, जरा पातळ वाटला, पण हॉल रिकामा आहे म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी पहिल्याच नाचाला गाण्याचे शब्दच नाहीत! चौथीतल्या मुली शब्दांवर पावलं बसवलेल्या, त्या स्टेजवर एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. ते चेहरे मी अजून विसरलेलो नाही.

चूक अशी होती. बॅलन्स्ड लाइनमध्ये एकच आवाज दोन तारांवर जातो, 2 वर सरळ आणि 3 वर उलटा. मिक्सर 2 मधून 3 वजा करतो. सरळातून उलटं वजा झाल्यावर आवाज दुप्पट होतो, आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच चिकटलेला हम (विजेचा गूं आवाज) शून्य होतो. लॅपटॉपच्या पिनेत मात्र टिपवर डावा चॅनल असतो आणि रिंगवर उजवा. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. मिक्सर त्यालाच हम समजून वजा करतो. बेस आणि ढोलाचा ठोकाही बहुधा मधोमधच असतो, म्हणून दमही जातो. उरतं ते बाजूंना पसरलेलं संगीत आणि गायिकेच्या आवाजाची घुमारी. पिनेवर तीन कडी दिसली म्हणजे लाइन बॅलन्स्ड, हा समज डोक्यातून काढा. बॅलन्स्ड असतं ते आतलं सर्किट.

मी मिक्सर सर्व्हिस सेंटरला पाठवला. नाव लिहीत नाही. तीन आठवडे ठेवून घेतला, तपासणीचे पैसे घेतले आणि 'दोष नाही' असा कागद हातात दिला. मिक्सरमध्ये दोष नव्हताच, ते खरं लिहिलं होतं त्यांनी. पण मी फोनवर तीनदा सांगितलं होतं की माईक चालतो, फक्त लॅपटॉपचं गाणं बिघडतं. 'केबल घेऊन या' एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर माझे पुढचे चार कार्यक्रम वाचले असते. याचा राग मला आजही येतो.

शेवटी उलगडा झाला तो मदतनीस मुलामुळे. तो म्हणाला, पिन थोडी बाहेर ओढली की गाणं पूर्ण येतं, मी चिकटपट्टी लावून ठेवतो. पिन अर्धी बाहेर आली की तिची टिप सॉकेटच्या उजव्या चॅनलला टेकते आणि रिंग अर्थला. म्हणजे एकच चॅनल जातो आणि वजाबाकी थांबते. तिथे मी जागेवरच बसलो आणि पिन उघडली.

तुम्ही आजच एक चाचणी करा. विंडोज असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये मोनो चालू करा. आवाज जवळजवळ पूर्ण बंद झाला तर केबलच दोषी, मिक्सर नाही.

उपाय सोपा आहे. मिक्सरवर दोन चॅनल मोकळे असतील तर ईपी स्टिरिओवरून दोन मोनो पी-38 पिना (6.35 मिमीच्या जाड) निघणारी केबल घ्या. डावा एका लाइन इनपुटला, उजवा दुसऱ्याला. एकच कॅनन हातात असेल तर डाव्या-उजव्या तारेत प्रत्येकी 1 किलोओमचा रेझिस्टर टाकून दोन्ही 2 नंबरवर जोडा, आणि 3 व 1 एकत्र करून अर्थला द्या. रेझिस्टरशिवाय नुसत्या तारा पिळून जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर लढतात. लाइन लांब असेल तर सरळ ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (साध्या लाइनची बॅलन्स्ड लाइन करणारी डबी) घ्या. माझ्या मते संमेलनवाल्यांनी नव्या मिक्सरच्या आधी हाच घ्यावा. अनबॅलन्स्ड केबल (आवाजाची एकच तार आणि अर्थ) मी चार-पाच मीटरच्या पुढे नेत नाही.

कॅननला लॅपटॉप जोडताना त्या चॅनलचा 48 व्होल्टचा फँटम (माईकला मिक्सरमधून मिळणारी वीज) बंद ठेवा आणि गेन खाली. चार्जर लावल्यावर गूं आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (ऑडिओ केबलचं अर्थ तोडणारं बटण) वापरा. पण थ्री-पिनची अर्थची जाड पिन काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तो उपाय नाही, माईक धरणाऱ्या पोराच्या जिवाशी खेळ आहे.

जुनी मशीनं असतील तर एक पाहा. 2 नंबर सरळ हे 1992 च्या एईएस14 मानकात (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या) पक्कं झालं, त्याआधीच्या काही मशीनमध्ये 3 सरळ असतो. आणि मी इंजिनिअर नाही, अनुभवावर बोलतोय. मिक्सरचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच धरा. उलट बाजूने, म्हणजे मिक्सरच्या कॅनन आउटपुटवरून अनबॅलन्स्ड अँपला जाताना 3 नंबर अर्थ करायचा की मोकळा सोडायचा, हे तर मॅन्युअल बघूनच ठरवा.

मोनो करून काय झालं ते कळवा, आणि केबलच्या दोन्ही पिना उघडून आतल्या सोल्डरिंगचा फोटो टाका. तारांचे रंग दिसले की कुठली कुठे जोडायची ते लगेच सांगतो.