रडलं म्हणून गाठ परत येते का?

"मॅडम, खरं सांगा. मी सारखी रडते, म्हणून गाठ परत येईल का?"

हा प्रश्न मी कितीतरी जणांकडून ऐकलाय. या वेळी विचारणाऱ्या मावशी चोपन्न वर्षांच्या, कऱ्हाडकडच्या एका खेड्यातल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोचे दोन डोस झालेले. सोबत मुलगा. "रोज सांगतो, आई, पॉझिटिव्ह राहा. रिपोर्ट चांगले आलेत, मग रडायचं काय कारण?" मावशी डोक्यावरचा पदर घट्ट धरून खाली बघत होत्या. पदराखाली केस नव्हते.

पहिल्या भेटीत चूक माझी झाली. मी वही दिली आणि सांगितलं, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा. वही भरून आली. "१. सूर्य उगवला. २. मुलाचा फोन आला. ३. सूर्य मावळला." पानामागून पान हेच! भेटायला येणारा जो तो 'हसत राहा, अर्धा आजार मनाचाच असतो' असं ऐकवून जात होता. त्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले होते.

मग वही उलटी करून मागून सुरुवात केली. तारीख, झोप, जेवण, रडू आलं का, बास. पुढच्या दोन डोसांत चित्र दिसायला लागलं. डोसच्या दिवसापासून दोन-तीन रात्री मावशींना झोपच नसायची. रात्री दोन वाजता फडताळातले डबे काढून घासायच्या. चौथ्या दिवशी मात्र उशीत तोंड खुपसून रडायच्या. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर स्टेरॉइड देतात. ते थांबलं की काही जणांचं मन असं एकदम खाली येतं. "म्हणजे ते रडणं गोळीचं होतं?" त्यांनी विचारलं. थोडं गोळीचं, थोडं तुमचं, मी म्हटलं.

पण सगळं गोळीवर ढकलता येईना. तिसऱ्या आठवड्यात अंगात ताकद यायची, भाकरी गोड लागायची, तरी गोधडीसाठी जमवलेलं जुन्या लुगड्यांचं गाठोडं तसंच बांधलेलं. झोप उडणं, भूक मरणं, थकवा हे उपचारानेही होतं, त्यामुळे तेवढ्यावरून नैराश्य ठरवता येत नाही. मी गाठोड्याबद्दल विचारते. थकलेल्या माणसाला करावंसं वाटतं, पण हात चालत नाहीत. मावशींचे हात चालत होते. "हात लावावासाच वाटत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "रात्री झोपावं आणि उठूच नये."

अशा वेळी आडून विचारू नये. मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का? "नाही. पोराकडं बघून नाही." विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यांच्या परवानगीने मुलाला सांगितलं आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नैराश्याची गोळी सुरू झाली. तिची सवय लागत नाही, मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि ती मनानेच बंद करायची नसते. एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मावशींना पुढे टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ते औषध, घ्यायचं होतं. पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन यांसारख्या नैराश्याच्या काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून मनाच्या डॉक्टरांना कॅन्सरची फाईल दाखवा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाची गोळी. मावशींचं म्हणणं होतं, "ते गाठीचे डॉक्टर, त्यांना माझं रडगाणं कशाला?" पुष्कळ जण असंच लपवतात.

आता मूळ प्रश्न. नाही, रडल्याने गाठ परत येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची पाहणी होती. मनाने उमेद धरलेले जास्त जगले, असं त्यात दिसलं नाही. उदासी नडते ती दुसऱ्याच वाटेने. जेवण तुटतं, तारीख चुकते. चौथा डोस 'राहू दे' असं मावशी घरी बोलून चुकल्या होत्या, हे मला मुलाकडून नंतर कळलं.

हे ऐकून मुलगाच आधी रडला. आईला हसवण्याची ड्यूटी त्यालाही जड झाली होती. ठरलं असं की चौथ्या दिवशी पाहुणे नकोत आणि 'पॉझिटिव्ह' हा शब्द घरात नको. तो नुसता शेजारी बसेल.

गाठोडं मात्र राहिलंच होतं. पुढे दर आठवड्याचं केमो लागलं आणि बोटं बधिर झाली, सुई धरवेना. मग रोज दहा मिनिटं फक्त तुकडे निवडायचे, टाके जाऊबाईंनी घालायचे. मन लागो न लागो, दहा मिनिटं. पहिले काही दिवस त्या घड्याळाकडे बघून उठायच्या.

सातव्या-आठव्या आठवड्यात मुलाचा घाबरून फोन. "मॅडम, आई काकीशी कडाडून भांडली. काकीनं काठाला हिरवं लावलं, हिला लालच पाहिजे होतं. सगळं उसवायला लावलंय. गोळी वाढवायची का?"

मी हसत होते. त्याला ते कळायला जरा वेळ लागला.