भुंग्याला सोडा, खोड तपासा

सोसायटीच्या आंब्याखाली भुसा पडतोय, गॅलरीत लांब शिंगांचा राखाडी भुंगा आला, तो विषारी आहे का आणि त्याचं नाव कुठून आलं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या मुलुंडच्या आंब्याचं दुखणं हेच होतं.

विषारी नाही. जबड्याचा चिमटा मात्र बसतो, आणि धरला की कुरकुरतो. मानेमागे दोन नारिंगी ठिपके असतील तर बहुधा बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, म्हणजे आंब्यावरचा भिरूड. शिंगं म्हणतात त्या मिशाच, बऱ्याचदा अंगापेक्षा लांब. नावाची गोष्ट ग्रीक आहे. ओथ्रिस डोंगरावरचा केरांबोस हा मेंढपाळ, गळा गोड पण जीभ तिखट. हिवाळा कडक आहे, खाली उतर, हे पॅन देवाचं सांगणं त्यानं ऐकलं नाही, वर अप्सरांची निंदा केली. कळप गारठून गेला आणि अप्सरांनी त्याला लाकूड कुरतडणारा भुंगा करून टाकलं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये सेरँबिक्स हे नाव वापरलं, त्यावरून लांब शिंगांच्या भुंग्यांचं अख्खं कुळ सेरँबायसिडी.

खरं नुकसान अळी करते, तीही खोडाच्या आत. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला. फांद्या छाटायच्या तर हा फॉर्म, झाड तोडायचं तर तो. किडीसाठी रकानाच नाही! शेवटी साहेब आले, मान वर करून हिरवी पानं पाहिली, बुंध्याकडे ढुंकूनही न बघता 'झाड सुस्थितीत' असा शेरा मारून गेले. पुढच्या पावसाळ्यात मोठी फांदी स्कूटरांवर आली. ती आम्ही बाजूला केली, तर त्याच कार्यालयातून विचारणा: परवानगी कोणाची घेतली? असो.

म्हणून अर्जात 'कीड' लिहू नका, 'धोकादायक फांदी' लिहा आणि भोकांचे फोटो जोडा. पानांवर फवारणी करणाऱ्याला पैसे देऊ नका, अळीपर्यंत काही पोचत नाही. ताज्या भोकात तार घालून अळी ओढून काढायची, भोक चिखलानं लिंपायचं. आत औषध कोणतं घालायचं ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारा, मी कीटकतज्ज्ञ नाही. आणि बुंध्याला खेटून बसवलेले पेव्हर ब्लॉक आधी उचकटा, सेक्रेटरी काहीही म्हणोत.

भुसा ओला आहे की कोरडा, तेवढं कळवा. जुना, कोरडा असेल तर अळी कदाचित भुंगा होऊन उडालीही असेल, मग तार घालून हाती काही लागणार नाही.