मडके, कुंभार आणि विश्व

प्रश्न : माझे वडील म्हणतात, 'मडके आपोआप घडत नाही, त्याला कुंभार लागतो, मग एवढे विश्व कर्त्यावाचून कसे झाले?' मला उत्तर सुचत नाही. विश्वाचा उलगडा होण्यासाठी ईश्वर मानणे आवश्यक आहे का?
– एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्या वडिलांचा युक्तिवाद भारदस्त आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनातील (तर्कावर भर देणाऱ्या प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानातील) उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी जी अनुमाने मांडली, त्यांत 'कार्य आहे म्हणजे कर्ता असलाच पाहिजे' हे पहिले होते. तरीही एकदा धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन पाहा. फिरत्या चाकावर ओल्या बोटांखाली मडक्याची कड वर येते, मग दोऱ्याने ते बुडाशी कापून अलगद उचलले जाते. माती मात्र कुंभाराने निर्माण केलेली नसते. (नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, ईश्वरही परमाणू निर्माण करत नाही; त्यांच्या मते ते नित्यच आहेत.) शिवाय मडक्यावरून आपण कुंभाराचे अनुमान करतो, ते मडकी घडताना पाहिलेली असतात म्हणून. विश्वे घडताना कोणी पाहिली आहेत?

विश्व प्रसरण पावत आहे आणि सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी ते अतिशय दाट व तप्त होते, इथपर्यंत विज्ञान पुराव्यानिशी पोहोचले आहे. पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनाला १९६४ मध्ये आकाशाच्या सर्व दिशांनी सारखाच येणारा जो क्षीण प्रारण-संकेत (रेडिएशनचा संकेत) मिळाला, तो त्या तप्त अवस्थेची, आता उणे २७० अंश सेल्सियसपर्यंत निवलेली, खूण आहे. तारे, दीर्घिका, मूलद्रव्ये कशी झाली हे सांगताना ईश्वराची गरज पडत नाही. मुळात काहीतरी आहेच का, हा प्रश्न उरतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. परंतु तिथे 'ईश्वर' म्हटल्याने ते कसे घडले हे कळत नाही, म्हणून त्याला मी स्पष्टीकरण म्हणणार नाही.

याचा अर्थ वडिलांनी श्रद्धा सोडावी, असा मुळीच नाही. विश्व एका आद्य अणूपासून विस्तारले, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये या विज्ञानाचा संबंध ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असे ते मानत. त्या प्रारणाचा शोध लागल्याची वार्ता १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी त्यांच्या कानी पडली, आणि तेव्हाही ते धर्मगुरूच होते.