वाचकांचे प्रश्न : भजनाच्या पेटीवरून जॅझकडे

प्रश्न : आमच्या खंजिरी भजन मंडळात मी पेटी वाजवतो. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने मोबाईलमध्ये जॅझचे काही अल्बम भरून दिले आहेत, पण ऐकताना धागा हाती लागत नाही. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून करावी, इतक्या वर्षांनंतरही रसिक आवर्जून ऐकतात असा तो अल्बम आहे, आणि पेटी वाजवणाऱ्याला तर तो फारच जवळचा वाटेल. त्यातील ‘सो व्हॉट’ ही पहिली रचना लावून पेटीवर पांढरी दोनचा षड्ज धरावा आणि केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर बोटे फिरवावीत, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच सूर मिळतील. सोळा मापांनंतर (एक माप म्हणजे इथे चार मात्रा) हीच स्वरावली काळी दोनवर चढते, आठ मापे तिथे राहते आणि पुन्हा आठ मापांसाठी मूळ जागी उतरते. ही चढ-उतार एकदा कानाने पकडली की ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचा विस्तार आपोआप उलगडू लागतो.

पुढे पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांचा ‘टाइम आउट’ ऐकावा. त्यातील ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत, तीन आणि दोन अशा विभागणीने चालते. आपल्या खंजिरीवाल्यालाही शेजारी बसवावे. त्याचा हात ती चाल आपल्याआधी ओळखेल, असे मला मनापासून वाटते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ मात्र रात्री, कापूस वेचणीच्या दिवसाचा शीण उतरल्यावर, चारही भाग सलग ऐकावा, कारण ती परमेश्वराला वाहिलेली रचना आहे.