१४ वासरांच्या किमतीचा वळू घ्यावा का?

नमस्कार, तुमचं पत्र वाचलं, सोबत पाठवलेली वहीची पानं पण नीट बघितली. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरचा फार्म आहे, ४० बीफ गाई, दोन वळू, त्यातला एक आता म्हातारा झालाय आणि मागच्या पायाने लंगडतो. वर्षाला ३४ वासरं होतात, साधारण सात महिन्यांची झाली, दूध तोडलं की २५० किलोच्या आसपास वजनावर लिलावात विकतात. आता यांच्या मोठ्या भावाच्या मनात एक वळू भरलाय, नामांकित रक्ताचा, कॅटलॉगमधे वाढ आणि मार्बलिंग (मांसातली चरबीची नक्षी) दोन्हीत एकदम वरचा. किंमत इतकी की १४ वासरं विकावी लागतील. नेहमी हे लोक ४ वासरांच्या किमतीचा वळू घेतात. फरकासाठी वडिलांची ठेव मोडायची, उरलेलं सात वर्षांचं कर्ज, आणि वर या वर्षीच्या सगळ्या कालवडी न विकता ठेवायच्या म्हणजे कळप लवकर सुधारेल, असा बेत आहे. प्रश्न एका ओळीचा आहे, "ही गुंतवणूक आहे की हौस?"

मी हिशोब मुद्दाम रुपये-डॉलरमधे नाही, वासरांमधे करतो, कारण बाजारभाव वर जावो की खाली, वासरू हेच तुमचं चलन आहे.

एक वळू साधारण २५ गाई धड सांभाळतो, चार हंगाम चांगला चालला तर तुमच्या सध्याच्या दराने वर्षाला २१ म्हणजे एकूण ८५ एक वासरं धरू. शेवटी वळू वजनावर जातोच, त्याचे २ वासरांएवढे पैसे परत येतील. म्हणजे महागड्या वळूचा निव्वळ खर्च १२ वासरं आणि नेहमीच्या वळूचा २. दहा वासरांचा फरक ८५ वर वाटला की प्रत्येक वासरू जवळजवळ १२ टक्के जास्त किमतीचं निघायला पाहिजे, २५० किलोवर ३० किलो. आणि हे व्याज न धरता हं.

आता कॅटलॉग काय देतो ते बघू. तुम्ही लिहिलंय की दूध तोडतानाच्या वजनात हा वळू तुमच्या नेहमीच्या प्रतीपेक्षा २० किलोने पुढे आहे आणि हिशोबात तुम्ही प्रत्येक वासराला २० किलो धरून टाकलेत. इथे गडबड आहे. तुमच्या पानावर जो आकडा आहे तो ईबीव्ही आहे, म्हणजे वळूची स्वतःची ब्रीडिंग व्हॅल्यू, वासरात त्यातली अर्धीच उतरते कारण उरलेली अर्धी गाईकडून येते. अमेरिकेत ईपीडी नावाचा आकडा छापतात त्यात हा अर्धा आधीच केलेला असतो, म्हणून दोन देशांचे कॅटलॉग शेजारी ठेवून बघणारे भलेभले इथे फसतात. तर २० चे झाले १०. ८५ वासरांवर ८५० किलो, म्हणजे साडेतीन वासरं. दिलेत दहा जास्तीची, आले साडेतीन, आणि त्यातही बऱ्याच बाजारांत वासरू जड झालं की किलोचा भाव थोडा उतरतो.

शिवाय हा वळू १४ महिन्यांचा आहे, त्याचं एकही वासरू अजून जमिनीवर नाही. त्या आकड्याच्या बाजूला अॅक्युरसीचा, म्हणजे तो आकडा किती भरवशाचा याचा, जो टक्का छापलाय तो बघा, तो कमी आहे. जीनोमिक, म्हणजे डीएनएची, टेस्ट केलेली असली तर थोडा वाढतो, पण ज्याची शेकडो पिल्लं मोजून झालीत त्या जुन्या वळूची खात्री वेगळीच. खाली-वर दोन्हीकडे सरकू शकतो हा आकडा, आणि तुम्ही पैसे मात्र वरच्या टोकाचे देताय.

मार्बलिंगचं म्हणाल तर ते खोटं नाही, मांसातली ती चरबीची नक्षी आईबापाकडून चांगली उतरते, आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० टक्क्यांच्या घरात असतो. पण तुम्ही विकता सात महिन्यांचं वासरू, अंगावर कातडी असताना, मिक्स लॉटमधे, काट्यावर. त्या नक्षीचे पैसे कोणाला मिळणार? जो ते पुढे पोसतो आणि कत्तलखान्यात ग्रेडवर विकतो त्याला. तुमच्या खिशात ते तेव्हाच येतील जेव्हा तुम्ही वासरं स्वतः शेवटपर्यंत पोसाल, किंवा असा एखादा पोसणारा गाठाल जो "या वळूची वासरं मला दरवर्षी द्या, भाव वर देतो" असं लिहून देईल. असा माणूस आज तुमच्याकडे आहे का? पत्रात तर कुठे दिसला नाही. आधी गिऱ्हाईक, मग त्याला हवा तो वळू. दादांनी हा क्रम उलटा लावलाय असं मला वाटतं. (पैदाशीचे वळू विकायचा विचार असेल तर ते वेगळं दुकान आहे, त्याला नोंदणी, वर्षानुवर्षांची वजनं आणि नाव लागतं, एका वळूने ते उघडत नाही.)

आता तुमच्या वहीतली जी गोष्ट मला वळूपेक्षा मोठी वाटली ती. वळू तुमच्याकडे वर्षातले पाच महिने गाईंमधे सोडलेला असतो. म्हणजे वासरंही पाच महिने पडत राहतात आणि विकता सगळी एकाच दिवशी. आईखाली असलेलं वासरू दिवसाला ९०० ग्रॅम ते किलोभर वाढतं. दोन माज उशिरा, म्हणजे ४२ दिवस मागे जन्मलेलं वासरू त्या दिवशी काट्यावर ३८ किलोने तरी हलकं भरणार. ३८ किलो! आणि आपण १० किलोसाठी ठेव मोडायची गोष्ट करतोय. तुमच्या वहीत १९० किलोची जी वासरं दिसतात ना, त्यांच्या जन्मतारखा बघा, बाप खराब नाहीये, तारीख उशिराची आहे.

गाईचा गाभणकाळ २८३ दिवसांचा, वर्षातून ते वजा केले तर ८२ दिवस उरतात, तेवढ्यात व्यालेली गाय सावरून परत गाभण राहिली तर दरवर्षी वासरू त्याच सुमारास. नाही राहिली तर ती मागे मागे सरकत जाते आणि एक वर्ष भाकड जाते. तुमच्या ४० मधल्या सहा अशाच गळतायत, काही राहिल्याच नाहीत, एकीने गाभ टाकला, दोन वासरं विताना गेली. वळू पाच महिन्यांवरून हळूहळू तीनवर आणायचा, दोन-तीन हंगाम लागतील, एकदम आणलात तर अर्ध्या गाई रिकाम्या दिसतील आणि घाबराल. वळू काढल्यावर दोनेक महिन्यांनी डॉक्टरकडून सगळ्यांची गाभण तपासणी, रिकामी गाय निघाली की चाऱ्याची तंगी यायच्या आधी विकायची, "पुढच्या वर्षी देईल" म्हणत वर्षभर खाऊ घालायची नाही. आणि विताना गाई फार रोडावलेल्या नसाव्यात, अंगावरच्या मांस-चरबीच्या १ ते ९ च्या स्कोअरवर ५-६ हव्यात, फासळ्या मोजता येत असतील तर कितीही भारी वळू आणा ती माजावर वेळेत येत नाही. एवढं करून वर्षाला दोन वासरं जरी जास्त हाताला लागली तर चार वर्षांत आठ. वळूच्या किमतीतला फरक दहाचा होता, आठवतंय ना? तो जवळजवळ इथेच निघाला, आणि खर्च डॉक्टरची फी, कानातले टॅग आणि एक बरा वजनकाटा.

गाभण राहणं, टिकणं हे गुण रक्तातून फार कमी उतरतात, दहा टक्के किंवा त्याहून कमी. म्हणून ते वळू विकत घेऊन मिळत नाहीत, मिळतात ते सांभाळण्यातून आणि संकरातून. अमेरिकेत नेब्रास्कात हेरफर्ड, अँगस आणि शॉर्टहॉर्न या जातींवर जे जुने प्रयोग झाले त्यात संकरित गाईला संकरित वासरू असेल तर भरवलेल्या (म्हणजे वळूला लावलेल्या) प्रत्येक गाईमागे दूध तोडतानाचं वजन सुमारे २३ टक्क्यांनी जास्त निघालं होतं. तुमच्या गाई आत्ता मिश्र आहेत आणि दादांना सगळा कळप एकाच जातीचा, एकाच रंगाचा करायचाय. दिसायला छान दिसेल, मान्य आहे. पण तो वरचा फायदा पिढीगणिक सोडत जाल, म्हणून वळू घेताना गाईंमधे जे रक्त जास्त आहे त्याच्या बाहेरची जात बघा, असं माझं मत.

कालवडींचं. यंदाच्या १७ च्या १७ ठेवायच्या हे मला बिलकुल पटलं नाही. आज सात महिन्यांची कालवड दोन वर्षांची होऊन विणार आणि तिचं वासरू विकायला अजून सात महिने, म्हणजे आजपासून बरोबर २४ महिने तिच्याकडून एक पैसा नाही, चारा मात्र रोज. अर्धी विक्री बंद आणि त्याच वर्षी कर्जाचा पहिला हप्ता, हे जमणार कसं? दरवर्षी ६ ते ८ ठेवा, ४० च्या कळपाला तेवढ्या पुरतात. आणि निवडताना सगळ्यात दांडगी दिसते म्हणून ठेवू नका, दांडगी कालवड म्हणजे पुढे दांडगी गाय, जन्मभर जास्त खाणार. हंगामाच्या पहिल्या २१ दिवसांत जन्मलेली, आईने एकही वेत चुकवलेला नाही, आईची कास आणि खूर चांगले, स्वभावाने शांत अशी बघा. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली असेल तर ती सरळ विकायची, अशा दहातल्या नऊच्या वर वांझ निघतात. भरवायच्या वेळी तिचं वजन पुढे पूर्ण गाय होऊन जेवढं होईल त्याच्या साठ-पासष्ट टक्के झालेलं असावं.

या कालवडींना मोठ्या वाढीचा वळू लावणं तर जुगारच. वाढ जास्त असलेल्या वळूचं जन्मवजनही बऱ्याचदा जास्त असतं, पहिलटकरणीला वासरू अडतं, आणि एक वासरू गेलं की २५ वासरांची ती १०-१० किलोची कमाई एका रात्रीत गेली. कालवडींसाठी सोप्या वेताचा आकडा चांगला असलेल्या, भरपूर पिल्लं मोजून सिद्ध झालेल्या वळूचं सीमेन आणा आणि कृत्रिम रेतन करा. एका वेळेला निम्म्या किंवा थोड्या जास्तच राहतील, उरलेल्या घरच्या वळूला. दादांना जे नामांकित रक्त हवंय ते सुद्धा याच वाटेने अगदी थोड्या पैशात येतं की! ७-८ चांगल्या गाईंना ते भरवा, पुढचे गोऱ्हे-कालवडी मोजा, खरंच वजनात दिसलं तर मग मोठ्या वळूचं बोलू.

कर्जाबद्दल माझं मत पक्कं आहे. वळूचं काम चार, फार तर पाच वर्षं, आणि कर्ज सात. म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं तुम्ही नसलेल्या वळूचे हप्ते भरणार. त्यात आणखी एक, हा वळू आला की त्याच्या मुली तिसऱ्याच हंगामात भरवायच्या वयाच्या होतात, तेव्हा त्याला त्यांच्यापासून वेगळं ठेवायला कुंपण आणि दुसरा वळू हवा, नाहीतर त्याला विकावं लागतं. तसं झालं तर मी वर चार हंगाम धरलेत तेही दोनवर येतात आणि सगळा हिशोब अजून बिघडतो. कुठलंही जनावर, पाय मोडला की संपलं, चौदा वासरं एका पायावर उभी करायची का?

आणि बाबांची ठेव. तुम्ही लिहिलंय "ती नुसती पडूनच आहे". पडून नाहीये, ती त्यांच्या म्हातारपणाची आहे आणि फार्मला एक वाईट वर्ष आलं तर चाऱ्याचीही तीच आहे, दुसरी कुठलीच शिल्लक तुमच्या कागदांत नाही. तिला हात लावू नका. वळू बदलायला हवा हे खरंय, लंगडा वळू गाईवर चढणार कसा, तर ५ फार तर ६ वासरांच्या किमतीपर्यंत जा, ते विक्रीच्या पैशातून द्या, कर्ज नको. दादांशी हे बोलताना "तुझा वळू नको" असं न म्हणता वहीतल्या जन्मतारखा आणि वजनं शेजारी शेजारी लिहून त्यांच्यासमोर ठेवा, गाईंची समज त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आहे, त्यांना लगेच दिसेल.

लिलावाला जाल तेव्हा वळू अजून कुठल्या गाईंना लागलेला नाही ना ते विचारा, वापरलेल्या वळूकडून ट्रायक आणि व्हिब्रियोसारखे, गाईला लागताना पसरणारे रोग कळपात येतात आणि मग गाभ टिकत नाही. डॉक्टरचं फर्टिलिटी तपासणीचं सर्टिफिकेट मागा, १५ महिन्यांपर्यंतच्या वळूचा अंडकोषाचा घेर निदान ३० सेंटीमीटर आणि निरोगी आकाराचे शुक्राणू ७० टक्के तरी हवेत. पहिल्या हंगामाची हमी लेखी घ्या, वळू निकामी निघाला तर बदलून की पैसे परत ते त्यात स्पष्ट असू दे. कोवळा वळू असेल तर पहिल्या वर्षी १५ गाईंच्या वर देऊ नका, त्या वर्षी बाकीच्यांसाठी रेतन किंवा जुना दुसरा वळू. आणि सोडल्यावर तीन आठवड्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा, ज्या गाई लागल्या होत्या त्याच परत माजावर येताना दिसल्या तर हंगाम संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरला बोलवा.