रोज सोबत न्यायला छोटा, हलका लॅपटॉप घ्यायचाय, ११ इंची घेऊ का १३-१४ इंची? टॅबलेट चालेल का?

तुम्ही लिहिलंय की रोज पाठीवर टाकून न्यायला ‘लहानात लहान’ लॅपटॉप पाहिजे, काम म्हणजे लिखाण, मेल, ब्राउझर, एखादी एक्सेल शीट आणि दिवसातून एक-दोन व्हिडिओ कॉल, आणि साइजवर गाडी अडकलीय. मी या प्रकरणात एकदा सपशेल फसलोय आणि एकदा बरा निघालोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लहान आणि हलका हे दोन वेगळे शब्द आहेत आणि तुमचा प्रश्न दोन्ही एकच धरून चाललाय. पूर्वी ते खरं पण होतं, वजन कमी पाहिजे तर स्क्रीन कापा, दुसरा इलाज नव्हता. २००७ ला असूसचा तो ई पीसी आला होता, ७ इंची स्क्रीन, वजन एक किलोच्या आत, तेव्हा लोकांना वाटलं झालं, हेच भविष्य. पुढच्याच वर्षी ॲपलनं पहिला मॅकबुक एअर पाकिटातून काढून दाखवला, १३.३ इंची आणि १.३६ किलो, आणि सगळे तोंडात बोट घालून बघत बसले. आता गंमत बघा, एलजीचा ग्रॅम म्हणून जो लॅपटॉप येतो त्याचं १७ इंची, हो सतरा, मॉडेल साधारण १.३५ किलोचं आहे, म्हणजे त्या पहिल्या एअरएवढंच. आणि त्याच ग्रॅमचं १४ इंची मॉडेल एक किलोच्या आसपास. उलट स्वस्तातले ११ इंची प्लास्टिकचे लॅपटॉप हातात घेऊन बघा, त्यातले कित्येक सव्वा किलोच्या पुढे जातात. वजन ठरतं ते बॉडी कशाची आहे, बॅटरी केवढी आहे आणि कंपनीनं किती डोकं लावलंय यावर, इंचांवर त्यामानानं कमीच.

मग तुम्हाला नक्की काय पाहिजे, पिशवीत मावणारा का खांद्याला न जाणवणारा? तुमचं काम वाचून मला तरी दुसरा, म्हणजे खांद्याला न जाणवणारा, असं वाटतंय.

माझी फजिती सांगतो म्हणजे कळेल. मी असाच हौसेनं ११.६ इंची घेतला होता, कंपनीचं नाव जाऊ दे. दिसायला इतका गोड की विचारू नका. आत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे एसएसडी नाही, फोनमध्ये असते तसली मेमरी बोर्डावरच चिकटवलेली. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, म्हणजे माझं मशीन बरोब्बर उंबरठ्यावर उभं. विंडोज आणि ऑफिस टाकल्यावर उरली मूठभर जागा, मग मोठं अपडेट आलं की जागा नाही म्हणून रडणार, मी फायली काढून पेनड्राइव्हवर टाकणार, अपडेट झालं की परत आणणार, दर थोड्या दिवसांनी हाच कार्यक्रम. कॉल चालू असताना ब्राउझरमध्ये चौथा टॅब उघडला की माझा आवाज तुटायचा. वर्षभरात तो लॅपटॉप मी पाठीवर न्यायचाच बंद केला. हलका होता हो, पण घरीच पडून राहिलेल्या हलकेपणाचं करायचं काय.

आता कीबोर्ड. यावर फार कोणी बोलत नाही आणि लिखाण करणाऱ्यानं सगळ्यात आधी हेच बघावं. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलीमीटर अंतर असतं. एका ओळीत टॅब, बॅकस्पेस वगैरे धरून १५ बटणांची जागा लागते, म्हणजे झाले साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. आता लॅपटॉपच जर २६-२७ सेंटीमीटर रुंद असेल तर कुठून तरी कापावंच लागणार, आणि कंपन्या कापतात ते कडेच्या बटणांमध्ये. तो ई पीसी तर २२.५ सेंटीमीटरचाच होता, दोन बोटांनी टाइप करायचा. इन्स्क्रिप्टनं (भारतीय भाषांसाठीची ठरलेली बटणांची मांडणी) मराठी लिहिणाऱ्यांना तर हे जास्तच नडतं, कारण आपले च, ट आणि ड उजव्या कडेच्या त्या विरामचिन्हांच्या बटणांवर बसलेत, आणि नेमकी तीच बटणं चिमटलेली असतात. मी महिनाभर ‘ट’च्या जागी एंटर मारत होतो. त्यामुळे रुंदी २९-३० सेंटीमीटर असू द्या, त्याच्या खाली जाऊ नका. घरी ए४ कागद असेल तर आडवा ठेवून बघा, तो २९.७ बाय २१ असतो, आजचे बहुतेक १३ इंची लॅपटॉप त्याच्या जरा इकडेतिकडे येतात. हा कागद तुमच्या बॅगेत मावतो ना, मग लॅपटॉप पण मावेल.

स्क्रीनचं पण असंच आहे, इंच बघून कळत नाही. १३.३ इंची पण १६:९ आकाराची (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) स्क्रीन घेतली तर ती साडेसोळा सेंटीमीटर उंच असते. १४ इंची १६:१० घेतली तर ती रुंदीला जेमतेम ७ मिलीमीटर जास्त आणि उंचीला सव्वादोन सेंटीमीटरहून जास्त. लिहिताना, वाचताना, शीट बघताना आपल्याला उंचीच लागते. म्हणून मी तरी १६:१० किंवा ३:२ शिवाय घेऊ नका म्हणेन, रिझोल्यूशन १९२० बाय १२०० पुरे, ४के या साइजला बॅटरी खायलाच असतं. ब्राइटनेसचा आकडा मात्र शोधून बघा, ‘निट्स’ असं लिहितात. २५० वाला घरात ठीक चालतो, खिडकीशेजारी किंवा प्रवासात बसलात की स्वतःचाच चेहरा दिसतो. ४०० च्या आसपास असला की निभतं. चकचकीत का मॅट यात मी मॅटच्या बाजूचा.

बरं, वजनाकडे परत. जाहिरातीत लिहिलेलं वजन नुसत्या लॅपटॉपचं असतं, तुम्ही मात्र नेणार चार्जर, वायर, माऊस, कधी एचडीएमआयचा तो डोंगल, असं सगळं. माझ्या जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, वायरीसकट ४०० ग्रॅमच्या वर भरला! म्हणजे १.१ किलोचा लॅपटॉप शोधण्यात महिना घालवायचा आणि वर अर्ध्या किलोची वीट बांधून फिरायचं. यावर उपाय एकच, यूएसबी-सी वर पॉवर डिलिव्हरीनं चार्ज होणाराच घ्या. मग ६५ वॉटचा एक छोटा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राइड वापरून लहान केलेला) फोन आणि लॅपटॉप दोन्हीला चालतो आणि अडॅप्टर घरी राहतो. पण स्पेसिफिकेशन नीट वाचा, यूएसबी-सी पोर्ट दिसतं म्हणजे त्यातून चार्ज होतंच असं नाही, स्वस्त मॉडेलमध्ये ते नुसतं डेटासाठी असतं आणि चार्जिंगला गोल पिन वेगळी. युरोपियन युनियननं २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचं केलंय, तरी आधीचा माल सगळीकडे असणारच, तेव्हा बघून घ्या. जमलं तर दोन्ही बाजूंना एकेक पोर्ट असलेला, प्लग कुठल्या बाजूला मिळेल सांगता येत नाही.

बॅटरी किती तास चालते ते कंपनीला विचारू नका, ते स्क्रीन मंद करून व्हिडिओ लावून मोजतात. वॉट-आवर बघा, म्हणजे बॅटरीत वीज किती मावते तो आकडा. साधं गणित आहे, लिहिणं-वाचणं असल्या कामाला चांगला लॅपटॉप सरासरी ६-७ वॉट खातो, म्हणजे ५० वॉट-आवरची बॅटरी सात-आठ तास. व्हिडिओ कॉलमध्ये कॅमेरा, माइक, वायफाय आणि प्रोसेसर सगळेच जागे, तिथे तोच लॅपटॉप १२-१५ वॉटवर जातो आणि बॅटरी साडेतीन-चार तासांत खलास. आणि नवी असतानाचं हे, दोन वर्षांनी यातून काहीतरी वजा होणारच. म्हणून काही कंपन्या वजन ९०० ग्रॅम दाखवायला बॅटरी ३०-३५ वॉट-आवरची टाकतात तो सौदा मला पटत नाही, शेवटी चार्जर न्यावाच लागतो आणि वाचलेलं वजन तिथेच परत येतं. ५० च्या खाली नको. (विमानात १०० वॉट-आवरपर्यंतची चालते, तुमच्या साइजला तो प्रश्नच येत नाही.)

रॅम १६ जीबी. यावर मी वाद घालणार नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा बोर्डावर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ‘आत्ता ८ घेऊ, मग बघू’ हे चालत नाही, ते मग कधी येतच नाही. ॲपलनं सुद्धा २०२४ मध्ये एअरचं कमीत कमी ८ चं १६ केलं, यावरून काय ते समजा. एसएसडी मात्र बऱ्याच लॅपटॉपमध्ये बदलता येते, त्यामुळे तिथे २५६ किंवा ५१२, परवडेल तसं.

प्रोसेसरवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि तुमच्या कामाला त्याचं महत्त्व सगळ्यात कमी. नावाच्या शेवटी एच असलेला घेऊ नका, तो गेमिंग आणि जड कामांचा, तापतो आणि बॅटरी पितो. यू किंवा इंटेलचे ते नवे व्ही वाले, एएमडीचे यू, ॲपलचे एम सिरीजवाले, काहीही चालेल. इंटेल एन१०० सारखी बारकी चिप नुसत्या मेल-ब्राउझिंगला चालते, कॉल आणि शीट एकदम उघडल्यावर ती धापा टाकते. पंखा नसलेला मिळाला तर शांतता फार छान वाटते, फक्त सलग जड काम दिलं की तो तापून स्वतःच हळू होतो, तुमच्या कामात तशी वेळ फारशी येणार नाही.

स्नॅपड्रॅगनवाले (फोनमध्ये असते तसली एआरएम जातीची चिप असलेले) विंडोज लॅपटॉप २०२४ पासून बरेच आलेत, बॅटरी खरंच जोरदार. पण तुमच्याकडे एखादा जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर आहे का ते आधी शोधा. साधी ॲप्स कशीबशी चालवून घेता येतात, ड्रायव्हरचं तसं होत नाही, नसला तर नसलाच.

टॅबलेटला कीबोर्ड जोडून भागेल का? भागेल, पण ज्या कारणासाठी तुम्ही विचारताय त्यासाठी नाही. २०२४ पर्यंत येणारा १२.९ इंची आयपॅड प्रो स्वतः साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास, त्याचा तो अधांतरी धरणारा मॅजिक कीबोर्ड ७०० च्या आसपास, दोन्ही मिळून १.३ किलोच्या वर. एम२ मॅकबुक एअर १.२४ किलो आहे. म्हणजे टॅबलेट जड पडला! सरफेस गो सारखा १० इंची घेतला तर कीबोर्डसकट पाऊण किलोच्या जरा वर बसतो, पण मांडीवर ठेवून लिहायला गेलात की मागचा स्टँड मांडीत रुततो आणि गुडघे हलले की स्क्रीन आडवी. टेबल मिळणारच असेल आणि वाचणं जास्त, लिहिणं कमी असेल तर जरूर घ्या. तुमचं उलटं आहे.

नवाच पाहिजे असा हट्ट नसेल तर ऑफिसातून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप बघा, थिंकपॅड एक्स१ कार्बनसारखे. १.१ किलोच्या आसपास, कीबोर्ड सुंदर, बॉडी दणकट. फक्त विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर आहे का बघा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बॅटरी नवी टाकावी लागेल हे धरूनच हिशोब करा. त्यात रॅम ८ चा असेल तर सोडून द्या, वर सांगितलं तेच.

तर मी तुमच्या जागी असतो तर १३ ते १४ इंची, १६:१०, १.२ किलोच्या आतबाहेर, ५० वॉट-आवर, १६ जीबी, सी पोर्टवर चार्ज होणारा, असं शोधलं असतं आणि या चाळणीतून जे दोन-तीन खाली पडतील ते दुकानात जाऊन एका हातानं कोपऱ्याला धरून उचलून बघितले असते. बॉडी करकरली की नापास. मग तिथेच उभं राहून दोन परिच्छेद टाइप करायचे, लोक बघतात, बघू देत.

आणि घेतल्यावर ते प्लास्टिकचं कडक कव्हर लावू नका हो. माझ्या मित्रानं महिनाभर शोधून १.२ किलोवाला घेतला, दुसऱ्या दिवशी कव्हर, वर जाड स्लीव्ह, आणि त्या स्लीव्हच्या खिशात चार्जर. माझ्या त्याच वजनकाट्यावर ठेवला, दोन किलो शंभर ग्रॅम.