मसाल्यात बुरशीच्या विषाची मर्यादा शून्य का नाही?

तुमची शंका रास्त आहे: अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, मग मिरचीपुडीत ते थोडंसुद्धा का चालवून घेतात? कारण ते कोणी मिसळत नाही. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी शेतात, वाळवताना, गोदामातल्या दमट हवेत वाढते आणि हे विष तयार करते. पूर्ण शून्यावर आणणं शक्य नसतं. म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, मसाल्यांना किलोमागे 30 मायक्रोग्रॅम आणि थेट खायच्या शेंगदाण्यांना 10 अशी मर्यादा घातली आहे. मसाला चमच्यानं पोटात जातो, दाणे मुठीनं. युरोपात मिरचीलाही 10च आहे. आपली मर्यादा खाली यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता घरच्या चटणीचं, म्हणजे तिखट मसाल्याचं. कोल्हापुरात उन्हाळ्यात मिरची डंकावर, म्हणजे कांडायच्या यंत्रावर, न्यायच्या आधी देठ काढतोच आपण, तेव्हा पोत्यातल्या चार-दोन मिरच्या फोडून बघा. आत बियांवर करडी-काळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर तसली मिरची टाकाच. भाजल्यानं बुरशी मरते, विष मात्र बरंचसं तसंच राहतं. वाळवण कडकडीत हवं. आणि वळवाचा पाऊस गाठलाच, तर भिजलेली मिरची कोरड्यात मिसळू नका.